वैद्यकविद्यार्थी आणि गावाचा उंबरठा

रोगी रुग्णालयात येतो तेव्हा आपले घर मागे ठेवून येतो. खाटेला क्रमांक असतो, पायथ्याशी तक्ता लटकत असतो, आणि विद्यार्थ्याने जे शिकावयाचे ते बहुतांशी त्या तक्त्यावर मांडलेले असते. रोग्याच्या घरची चूल कशी आहे, पाणी कोठून येते, मजुरीचा एक दिवस बुडाला तर संध्याकाळी काय शिजते, या गोष्टी तेथे नोंदलेल्या नसतात. आम्हां वकीलवर्गाची स्थितीही फारशी निराळी नाही. पक्षकार येतो तो कागदांचे बाड घेऊन. भांडण मात्र शेताच्या बांधावर, नाही तर भाऊबंदांच्या ओसरीवर जन्मलेले असते. ज्याने तो बांध पाहिला नाही त्याचा युक्तिवाद कितीही सफाईदार असला तरी अर्धाच राहतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णालयाबाहेर काढून लोकवस्तीत शिकवावे ही कल्पना कशी उदयास आली, आपल्या देशात तिचे काय झाले, आणि आज कायदा तिच्या नावाने जे करतो त्यातून ती कितपत साधते, याचा इतिहास म्हणूनच आम्हांस तपासून पाहावासा वाटला.

आरंभीच एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. वैद्याला दूरच्या ठिकाणी पाठवणे ही गोष्ट जुनी आहे. गोव्यातील वैद्यकशाळा १८४२ साली स्थापन झाली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर तीन वर्षांनी, १८४५ साली, सुरू झाले. गोव्याच्या शाळेतून शिकून निघालेले कितीतरी तरुण पोर्तुगीज राज्याच्या आरोग्यखात्यात मोझांबिक, अंगोला अशा परक्या मुलखांत गेले व तेथेच त्यांचे आयुष्य सरले. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्या व्यवस्थेचा हेतू सरळ होता: राज्यकर्त्यांना अमुक ठिकाणी डॉक्टर हवा, म्हणून तेथे डॉक्टर पाठवावयाचा. ज्या लोकांत तो जाणार त्यांच्याकडून त्याला काही शिकावयाचे आहे, ते शिकल्यावाचून त्याचे शिक्षण पुरे होत नाही, ही दृष्टी त्यात नव्हती. पाठवणे वेगळे आणि शिकणे वेगळे. पुढील सारी हकीकत या दोन शब्दांतील अंतराची आहे.

ही दुसरी दृष्टी ज्यांनी पद्धतशीरपणे रुजवली त्यांत जॉन ग्रँट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. कॅनडियन मिशनरी दांपत्याचा हा मुलगा १८९० साली चीनमधील निंग्पो येथे जन्मला आणि १९२१ पासून पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवू लागला. त्याचा प्रश्न साधा होता. शरीर शिकावयास शवविच्छेदनगृह लागते, रोग शिकावयास रुग्णालय लागते. मग समाजाचे आरोग्य शिकावयास प्रयोगशाळा कोठे आहे? तिचे उत्तर म्हणून १९२५ साली त्याने पेकिंग शहराच्या एका विभागात आरोग्यकेंद्र उघडले. जन्ममृत्यूची नोंद, देवीची लस, शाळांतील मुलांची तपासणी, बाळंतिणींच्या घरी भेटी अशी कामे तेथे चालत, आणि महाविद्यालयाचे विद्यार्थी त्या कामांत प्रत्यक्ष सहभागी होत. वस्ती हीच शाळा, असे ते तत्त्व होते.

त्याच शाळेतून सी. सी. चेन हा विद्यार्थी तयार झाला. विद्यार्थिदशेतच त्याने सहाध्यायांना जमवून सामान्य जनांसाठी वृत्तपत्रातून आरोग्यविषयक लेखन चालवले होते. १९३२ साली तो पेकिंगहून दूर तिंग परगण्याच्या ग्रामीण भागात आरोग्याचे काम पाहू लागला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की शहरात शिकलेला डॉक्टर प्रत्येक गावास पुरवणे त्या दरिद्री देशास परवडणारे नाही. त्याने गावातीलच साक्षर शेतकरी निवडले, त्यांना सुमारे दहा दिवस शिकवले, आणि एक औषधपेटी देऊन घरी धाडले. लस टोचणे, जन्ममृत्यू टिपून ठेवणे, जखम धुऊन बांधणे, विहीर सुरक्षित राखणे, एवढीच त्यांची कामे. येथे एक उलटापालट झाली होती, तिची वाचकांनी नोंद घ्यावी. विद्यार्थी गावात जात नव्हता. गावातील माणूसच विद्यार्थी झाला होता.

या चिनी प्रयोगाचा धागा आपल्या देशाशी जुळतो तो याच ग्रँटमुळे. १९३९ साली तो कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेचा संचालक होऊन आला. त्याच सुमारास बंगालमधील सिंगूर येथे त्या संस्थेचे ग्रामीण आरोग्यकेंद्र उभे राहिले. पुढे ऑक्टोबर १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने आरोग्याची पाहणी व पुढील योजना यांसाठी समिती नेमली, तेव्हा ग्रँट तिचा सदस्य होता. या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकास जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले गृहस्थ होते. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी हेही सदस्यांत होते. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणगावातील चाळींचे जिणे त्यांनी जवळून पाहिलेले होते.

भोर समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. तिने मांडलेले देशाचे चित्र मन विषण्ण करणारे होते. माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे. डॉक्टर सुमारे ६,३०० माणसांमागे एक. परिचारिका सुमारे ४३,००० माणसांमागे एक. जे थोडे डॉक्टर होते तेही बहुशः शहरांत. समितीने ग्रामीण जनतेसाठी प्राथमिक आरोग्यकेंद्रांची योजना आखली; पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये हे सूत्र सांगितले; आणि वैद्यकाच्या शिक्षणात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण असावे, म्हणजे निव्वळ रोगचिकित्सक न राहता समाजाचा वैद्य तयार होईल, अशी शिफारस केली. पेकिंगच्या गल्लीत सुरू झालेली कल्पना अशा रीतीने आमच्या राज्यकारभाराच्या कागदावर आली.

मात्र त्याच अहवालात एक वादही होता. त्या वेळी देशात नोंदलेल्या सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० हे पदवीधर नसून कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले परवानाधारक, म्हणजे लायसेन्शिएट, होते. समितीच्या बहुमताने ठरवले की यापुढे एकच दर्जाचा, पूर्ण पदवीचा डॉक्टर तयार करावा. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले: देशाची गरज एवढी मोठी आहे की कमी मुदतीचे शिक्षण इतक्यात बंद करणे शहाणपणाचे नाही. न्यायालयातील भिन्नमताचे पुष्कळदा असे होते की निकाल बहुमताचा लागतो, पण प्रश्न भिन्नमताने विचारलेलाच शिल्लक राहतो. येथेही तसेच झाले. बहुमताची भूमिका दर्जाच्या दृष्टीने रास्त होती. गरिबाला हलक्या दर्जाचा डॉक्टर का, या सवालाला उत्तर नाही. परंतु मग गावात राहील कोण, या सवालालाही अहवालात पुरेसे उत्तर नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून समुदाय विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्यकेंद्रे उभी राहू लागली. वैद्यकीय महाविद्यालयांत सामाजिक वैद्यकाचे विभाग निघाले, आणि पदवीपूर्वीच्या उमेदवारीच्या वर्षात ग्रामीण केंद्रावरील काही काळ सक्तीचा झाला. योजना उत्तम, पण तिचा आत्मा फार थोड्या ठिकाणी टिकला. उमेदवार डॉक्टर केंद्रावर जातो, नोंदवहीत सही होते, मुदत भरते, आणि तो पुढल्या परीक्षेच्या पुस्तकांकडे वळतो, हे दृश्य सर्वपरिचित आहे. त्यात त्या तरुणाचाच सारा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या कामावर परीक्षेत प्रश्न येत नाही आणि ज्या माणसांना पुन्हा भेटावयाचे नाही, त्यांत मन गुंतावे कसे? १९७५ साली श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण देशाच्या गरजांपासून तुटले असल्याचे सांगून खुद्द लोकवस्तीतून आरोग्यसेवक तयार करण्याचा आग्रह धरला. १९७७ मध्ये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी अशीही योजना निघाली. तिच्यासाठी फिरत्या दवाखान्यांच्या मोठाल्या गाड्या आल्या. परंतु गाडीतून गेलेला विद्यार्थी संध्याकाळी गाडीतूनच परत येतो. त्याच्या पायांना गावाची वाट माहीत होत नाही.

याच काळात आपल्या वर्ध्याजवळ, सेवाग्रामात, निराळा मार्ग आखला जात होता. डॉ. सुशीला नय्यर या नुकत्याच वैद्यकाची पदवी घेऊन १९३९ च्या सुमारास सेवाग्रामास आल्या, आणि थोड्याच दिवसांत वर्धा भागात पटकीची साथ उद्भवली. त्या तरुण डॉक्टरने जवळजवळ एकटीने त्या साथीला तोंड दिले. पुढे त्या गांधीजींच्या वैद्य, आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्र सरकारच्या आरोग्यमंत्री झाल्या. १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामात महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था स्थापन केली. तेथे नव्या विद्यार्थ्याची सुरुवात आश्रमातील वास्तव्याने होते: प्रार्थना, सूतकताई, श्रमदान. त्यानंतर विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. सुमारे पंधरवडाभर सारे विद्यार्थी त्या गावात मुक्काम करतात. प्रत्येकाच्या वाट्याला काही घरे येतात. घरातील लहानथोरांची तपासणी, आहाराची, पाण्याची, उत्पन्नाची विचारपूस त्याने करावयाची असते. आणि ज्यात या पद्धतीचे सारे मर्म आहे ती गोष्ट पुढेच आहे: शिबिर संपले म्हणजे संबंध संपत नाही. त्याच घरांकडे त्याला शिक्षणाच्या पुढील काळात पुन्हापुन्हा जावे लागते.

पुन्हा जाण्याने काय होते हे एका उदाहरणाने सांगता येईल. पुस्तकात लिहिलेले असते की पंडुरोग लोहाच्या उणिवेने होतो आणि लोहाच्या गोळ्यांनी बरा होतो. पहिल्या भेटीत विद्यार्थी गोळ्या देतो आणि विश्रांती घ्या म्हणून सांगतो. दुसऱ्या भेटीत गोळ्यांची पुडी कोनाड्यात तशीच आढळते. घरची बाई शेतमजूर असेल, कपाशीच्या वेचणीचे दिवस असतील, तर विश्रांती हा शब्द तिच्या कोशात नाही. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळते आणि मळमळले की मजुरी बुडते, हे तिचे कारण तिने पहिल्या भेटीत सांगितलेले नसते. कारण परक्या माणसाला नकार देणे शिष्टाचारात बसत नाही. ते कारण तिसऱ्या, चौथ्या भेटीत बाहेर येते. पहिल्या भेटीतच निघून गेलेला विद्यार्थी आयुष्यभर म्हणत राहतो की खेड्यातले लोक अडाणी आहेत, औषध घेत नाहीत. चौथ्यांदा गेलेला विद्यार्थी गोळी जेवणानंतर द्यावयास शिकतो, आणि मजुरीचा दर हाही आरोग्याचा विषय आहे हे त्याला कळते. या दोघांची पदवी एकच. शिक्षण एक नाही.

या परिसरात पुढे आणखीही प्रयोग झाले. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने सेवाग्रामच्या आसपासच्या गावकऱ्यांनी सुगीनंतर ऐपतीप्रमाणे ज्वारी वर्गणीदाखल द्यावी आणि त्या बळावर आरोग्यसेवेचा हक्क मिळवावा, अशी योजना चालली. गावकरी येथे याचक नव्हता, वर्गणीदार होता. १९७४ साली देशातील काही तरुण डॉक्टर व वैद्यकविद्यार्थी ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ या नावाने एकत्र आले आणि आपले शिक्षण आपल्याच लोकांच्या कामी का पडत नाही, असे उघड विचारू लागले. विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाची अशी उलटतपासणी घेणे हेही त्या शिक्षणाचे फळच म्हटले पाहिजे.

परंतु तिंग परगण्यातील ती उलटापालट महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने घडली ती जामखेडला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले पतिपत्नी १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले. दवाखान्याआधी लोकांनी पाणी आणि अन्न मागितले. १९७२ च्या दुष्काळात ती मागणी किती खरी होती हे सर्वांना दिसले. बाहेरून आलेल्या शिकलेल्या परिचारिकेला एकटीने खेड्यात राहणे कठीण जाई. तेव्हा गावांनी आपल्यातीलच बाया निवडून दिल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जमत, मुक्काम करीत, गेल्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगत, आणि नवे शिकून परत जात. बाळंतपण, मुलांचे वजन, अतिसारात द्यावयाचे मीठसाखरेचे पाणी, कुष्ठरोगाची लवकर ओळख, ही त्यांची विद्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्या पुरस्कारात या बायांचा वाटा निम्म्याहून कमी नव्हता, असे आमचे मत आहे. कारण या विद्यार्थिनीला गावाच्या उंबरठ्याशी परत येण्याची सक्ती करावी लागत नाही; तो उंबरठा तिच्याच घराचा असतो.

सरकारने हा धडा लवकरच उचलला, पण अर्धवट. २ ऑक्टोबर १९७७ रोजी हजार वस्तीमागे एक ग्रामस्थ निवडून, तीन महिने शिकवून, आरोग्याचे काम देण्याची योजना देशभर सुरू झाली. महिन्याचे मानधन ५० रुपये. या योजनेच्या नावाचा इतिहास आम्हां कायदेपंडितांना विशेष उद्बोधक वाटतो. आधी त्या माणसाला आरोग्य ‘कार्यकर्ता’ म्हटले गेले, मग ‘स्वयंसेवक’, १९८१ पासून ‘मार्गदर्शक’. काम तेच राहिले, शब्द बदलत गेले. कार्यकर्ता म्हटले की वेतनाचा प्रश्न उभा राहतो. स्वयंसेवक म्हटले की तो बसतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली. तिलाही मानसेवी स्वयंसेविका असेच नाव मिळाले, आणि तिच्या हाती पडू लागला तो मुख्यत्वे कामागणिक मोबदला. घराघरांतील बाळंतिणीची नोंद तीच ठेवते, साथीत दारोदार तीच जाते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या स्त्रियांचा गौरव केला. गौरव झाला हे योग्यच. पण गौरवाने वेतनश्रेणी ठरत नाही.

न्यायालयांपुढे हाच प्रश्न अंगणवाडी सेविकांच्या रूपाने आला आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका खटल्यात ठरवले की या सेविका नागरी पदावरील शासकीय नोकर नव्हेत. २०२२ साली, गुजरातेतील एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने त्यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ देऊ केला. सोळा वर्षांत कायदा एक पाऊल पुढे सरकला. आमची भाषा मात्र या बाबतीत कायद्याहून स्पष्ट आहे. उमेदवार डॉक्टरला मिळते ते विद्यावेतन, आशेला मिळते ते मानधन, आणि सरकारी नोकराला मिळते ते वेतन. विद्येच्या आणि मानाच्या आडोशाला कष्ट कसे झाकले जातात, हे या तीन शब्दांवरून उमगते.

दुसऱ्या बाजूला पदवीधरासाठी बंधपत्र आहे. शासकीय खर्चाने शिकलात, तर ठराविक काळ शासन सांगेल तेथे सेवा करा, नाही तर रक्कम भरा, अशी अट निरनिराळ्या राज्यांनी घातली. ही अट मूलभूत हक्कांचा भंग करते, असे म्हणत डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायालयाने बंधपत्रे वैध ठरवली आणि त्यांविषयी समान धोरण आखावे असे सुचवले. निकाल आम्हांस मान्य आहे. लोकांच्या पैशाने मिळालेल्या विद्येवर लोकांचा काही हक्क पोचतो, यात अन्याय नाही. पण या निकालाची व्याप्ती ओळखली पाहिजे. बंधपत्र माणसाला गावापर्यंत पोचवते. त्याला कोणत्याही घरात पुन्हा जावयास लावत नाही. रक्कम भरून जी जबाबदारी मिटते ती ऋणाची जात आहे, नात्याची नव्हे. गोव्याहून आफ्रिकेत पाठवलेल्या डॉक्टराच्या काळापासून राज्यसंस्थेला पाठवणे जमते. शिकवणे तिला अजून जमावयाचे आहे.

तरी आशेला जागा आहे. उमेदवारीच्या वर्षात सामाजिक वैद्यकासाठी आता बारा आठवडे राखले आहेत, आणि २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने प्रत्येक वैद्यकविद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणाच्या वर्षांत त्यांच्याकडे जात राहावे, असा कार्यक्रम घातला आहे. सेवाग्रामची रीत आता सार्‍या देशाचा नियम झाली. नियम झाला की नोंदवहीतली सही पुन्हा जवळ येते, ही भीती आहेच. ती टाळावयाची तर एक साधी कसोटी लावावी, असे आम्ही सुचवतो. विद्यार्थ्याने किती भेटी दिल्या हे विचारू नये. त्याच्या वाट्याच्या घरातील माणसांना बोलावून विचारावे की हा मुलगा, ही मुलगी, तुमच्या ओळखीची आहे काय, आणि तिने तुमच्याकडून काय ऐकून घेतले. आणि त्या परीक्षेत परीक्षकाच्या खुर्चीवर गावची आशा बसलेली असावी, तीही वेतनावर. जी स्त्री त्या उंबरठ्यांना रोज ओळखते, तिच्याहून अधिक अधिकारी परीक्षक वैद्यकशाळेला मिळणार नाही.